थंड सुरुवात: आवाज नाही

सोमवार, १० फेब्रुवारी

प्रिय मामा,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली. नर्सताईंची गाडी आम्ही तपासली तेव्हा इंजिन गरम होतं, असं लिहिलं होतं. ते गरम नव्हतं. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये उभी होती आणि सकाळी आठला मी बॉनेटवर हात ठेवला तेव्हा पत्रा गार लागला. ते पत्र तू ठेवलं असशील तर त्या ओळीवर काट मार.

हे चुकून झालं असंही नाही. या इंजिनाची टायमिंग चेन सैल झाली असेल तर ती फक्त इंजिन थंड असताना, पहिल्या दोन-तीन सेकंदांत वाजते. इंजिन गरम होतं असं म्हटलं की कोणालाच काही ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि तूही पुढे काही विचारलं नसतंस. दुसऱ्या कोणाला त्या ओळीत काही खटकलं नसतं. तुला खटकलं असतं, म्हणून मुद्दाम तुझ्यासाठी खोटं लिहिलं. फोनवर मी आवाज सावरून बोलते, त्यामुळे हे लिहूनच कळवते आहे.

आता सगळं क्रमाने.

६ जानेवारीला, सोमवारी संध्याकाळी, नर्सताई आल्या. घरोघरी जाऊन पेशंटची मलमपट्टी, इंजेक्शनं करणाऱ्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. बाबांना म्हणाल्या, "सकाळी चालू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखी वाजते आणि मग गप्प. माझा एक पेशंट असाच आहे, डॉक्टर दारात आले की ठणठणीत."

बाबा हसले. "राहू दे इथेच. उद्या थंड असताना ऐकतो."

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं होतो. बाबांनी नेहमीसारखं लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चेनच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. मी माझ्या जागी, बॉनेटच्या पलीकडे, त्यांच्या समोर. नर्सताईंनी आत बसून चावी फिरवली. इंजिन खडखडलं, साधारण तीन सेकंद, आणि शांत झालं.

"हेच! ऐकलंत ना?" त्या खिडकीतून म्हणाल्या.

बाबांनी मान वर केली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "ही इंजेक्टरची टिकटिक. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणारी इंजिनं अशीच बोलतात. चेन साफ आहे. व्हॉल्व्हवर काजळी दिसते, तेवढी काढून देतो."

"वाटलंच. मला मेलीला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून त्या चालत कामाला गेल्या. त्यांच्या स्वतःच्या कानांनी बरोबर ऐकलं होतं, मामा. तरी त्यांनी बाबांवर विश्वास ठेवला.

बाबांनी सांगितलं आणि मी जॉब कार्डवर लिहिलं: "थंड सुरुवात: आवाज नाही." अक्षर माझं आहे.

१४ जानेवारीला उताराच्या वळणावर त्यांचं इंजिन एकदम बंद पडलं. ब्रेक दगडासारखा झाला, स्टिअरिंग जड झालं, गाडी भिंतीवर गेली. २५ तारखेला त्या गेल्या.

अपघाताची चौकशी करणाऱ्या इन्स्पेक्टरनी इंजिन उघडलं तेव्हा चेन दातांवरून उडालेली होती आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकलेले होते. आठवड्यापूर्वीचं आमचं कार्ड सांगतं की चेनला आवाज नव्हता, म्हणजे चेन चांगली होती. मग चांगली चेन उडाली कशी? त्यांचा निष्कर्ष असा, की उतारावर पाचव्या गियरमधून चौथ्यात येण्याऐवजी गाडी दुसऱ्यात पडली, इंजिन नको तितकं फिरलं. अहवालात लिहिलं आहे, "चालकाची चूक." हरकतीची मुदत १२ मार्चपर्यंत आहे.

मी ऐकलं होतं. टिकटिक कोरडी असते आणि चालूच राहते. ही खडखड होती आणि ऑइलचा दाब आल्यावर थांबली. मला फरक कळत होता. मी बोलले नाही, कारण मला वाटलं की बाबांनी ऐकूनच ठरवलं असेल.

मी काय करू?

तुझी,
भाची


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

प्रिय वॉशर,

काट मारली. मग त्या कागदाकडे बघत बसलो आणि चहा गार केला. दुसरा केला, तोही गार झाला. तुझ्या एका ओळीपायी माझा दोन कपांचा नाश झाला, त्याची नोंद कुठल्या कार्डावर करतेस?

तुला तुझंच आठवत नसेल. दम्यामुळे तुला शाळेतून काढलं आणि मी तुला फिल्टरच्या रिकाम्या खोक्यांवर गणितं घालायचो. नऊ वर्षांची होतीस. एक भागाकार बरोबर सोडवलास. मी शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दात घासत असताना, समोर येऊन उभी: "मामा, त्यातला शेवटचा आकडा मी केला नाही. तुझ्या तोंडाकडे बघून ओळखला." मला हसावं की ब्रश गिळावा कळेना. तेव्हापासून तू अशीच. चूक सापडली नाही तर स्वतःची एखादी घडवतेस.

पोरी, एखादी वाईट गोष्ट घडून गेली की तिच्याआधीचा प्रत्येक आवाज मोठा ऐकू येतो. तीन सेकंदांत माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. खडखड होती की टिकटिक, हे आज, महिन्यानंतर, तू शपथेवर सांगशील? मी सांगणार नाही, आणि मी चाळीस वर्षं लेथवर काढली आहेत.

दाजींचा विचार कर. एकसष्टाव्या वर्षी त्यांचं गॅरेज बंद झालं तर ते घरात काय करतील? खुर्च्या खोलून पुन्हा जोडतील. तुझी आई गेल्यापासून त्या माणसाने गॅरेज सोडून दुसरीकडे कुठे जीव लावला आहे का, तुझ्याशिवाय?

एक काम कर. आपला जुना धडा. त्या इंजिनाचं लिही, मी शिकवलं त्या क्रमाने: आधी माप, मग काम, मग दोष. जे पुस्तकात आहे तेवढंच लिही, मनातलं नको. लिहून झालं की डोकं जागेवर येईल.

पुढच्या वेळी पत्राला दोन तिकिटं लाव. तुझा प्रामाणिकपणा वजनाने जास्त भरतो, टपालवाला माझ्याकडे बघतो.

तुझा,
मामा


मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

धडा लिहिला. बघ.

माप. बाराशे सीसीला थोडं कमी, चार सिलिंडर, टर्बो. कॉम्प्रेशन दहाला एक. पेट्रोलचा दाब दीडशे बारपर्यंत. ऑइल साडेतीन लिटरच्या आसपास, पातळ प्रतीचं. टायमिंगला पट्टा नाही, चेन. कंपनीच्या पुस्तकात चेन बदलण्याचा काळ दिलेला नाही, म्हणजे ती इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकावी अशी अपेक्षा आहे.

काम. जुन्या इंजिनांत पेट्रोल बाहेरच हवेत मिसळून व्हॉल्व्हमार्गे आत जायचं. यात फक्त हवा व्हॉल्व्हमधून जाते आणि पेट्रोल इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतो. म्हणून एवढंसं इंजिन मोठ्या इंजिनाइतकं ओढतं आणि कमी पितं. चेनचं काम एवढंच, की पिस्टन वर येईल तेव्हा व्हॉल्व्ह वाटेत असता कामा नये. चेन ताणून धरायला एक टेन्शनर असतो आणि तो ऑइलच्या दाबावर उभा असतो.

दोष. पहिला, काजळी. पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि ऑइलची वाफ त्यांच्यावर जळून बसते. गाडी उभ्या जागी थरथरते. दुसरा, हाय प्रेशर पंप. चढावर दम सोडतो. तिसरा, ऑइल पिणं. चौथा, थंड इंजिनावर लहान-लहान फेऱ्या झाल्या तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची ताकद जाते. पाचवा, चेन लांबणं. चौथा दोष असेल तर पाचवा लवकर येतो. रात्रभरात टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरतं आणि सकाळी दाब येईपर्यंत सैल चेन झाकणावर आपटते. तीन सेकंद. पुस्तकात लिहिलं आहे: "हा आवाज आल्यास गाडी चालवू नये."

नर्सताई दिवसाला बारा-चौदा घरं करायच्या. घर ते घर पाच मिनिटं. इंजिन कधी नीट तापायचंच नाही.

तू म्हणालास, पुस्तकातलंच लिही. मी पुस्तकातलंच लिहिलं. डोकं जागेवर आलं नाही. आणि हो, मी शपथेवर सांगेन.

शनिवारी नर्सताईंची आई गॅरेजवर आली. तिने आयुष्यभर ॲम्ब्युलन्स चालवली आहे, हे मला माहीत नव्हतं. बाबा गाडीखाली होते. ती माझ्याशीच बोलली. मी स्टूल पुढे केलं, ती बसली नाही.

"तुमच्या गॅरेजचं नाव उगाच कागदात आलं," ती म्हणाली. "ते सांगायला आले. तुमची चूक नव्हती, असं साहेब म्हणाले."

मी हातातला पाना पुसत राहिले.

"गाडी मीच शिकवली तिला. पाचव्यातून खाली येताना गियर ढकलायचा नाही, नुसता हात मोकळा सोडायचा, तो आपली जागा शोधतो. असं." तिने माझ्यासमोर रिकाम्या हवेत हात धरला, मागे ओढला आणि मोकळा सोडला. तीनदा करून दाखवलं. "हे बरोबर आहे ना गं? तू मेकॅनिक आहेस, तू सांग. मी शंभर वेळा सांगितलं असेल तिला. का माझंच काही चुकत होतं, आणि तेच तिच्या हातात बसलं?"

मी म्हणाले, "बरोबर आहे, मावशी."

"मग तिने असं कसं केलं?"

मामा, तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. ती खरंच विचारत होती. आपण बोल्ट तिरका बसवला होता का, हे विचारावं तसं. ती पायीच आली होती, पायीच गेली.

आता मला सांग, कोणाच्या मनातून काय काढायचं ते.

तुझी,
भाची


सोमवार, २४ फेब्रुवारी

प्रिय वॉशर,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आज शेजारी म्हणाला, "काका, कागदाचा कारखाना काढलात का?" त्याला हाकललं आणि पाचव्यांदा बसलो.

तू लिहिलंस की बाबांनी ऐकूनच ठरवलं असेल. त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांना ऐकूच येत नाही, पोरी. म्हणजे तुझं-माझं बोलणं येतं, जाड आवाज येतो, हॉर्न येतो. बारीक आवाज गेले. ग्राइंडर, हातोडा, चाळीस वर्षं. चेनची खडखड, बेअरिंगची शीळ, इंजेक्टर, काही नाही. पाच वर्षं झाली. त्यांनी फक्त मला सांगितलं, आणि कोणाला सांगणार नाही असं वचन घेतलं. तुला तर मुळीच नाही.

तेव्हा मी तुमच्याकडेच होतो. त्यांनी विचारलं, आता काय करू? आणि मला, मोठ्या शहाण्याला, युक्ती सुचली. मी म्हणालो, पोरीचे कान चांगले आहेत आणि तिच्या पोटात काही राहत नाही, सगळं तोंडावर उमटतं. तिला समोर उभी करा. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावा, लोकांना बरं वाटतं, पण बघा तिच्या तोंडाकडे. भुवई उचलली तर टॅपेट. ओठ आवळले तर बेअरिंग. डोळे मिटले तर चेन. मीच त्यांना हे पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. पंधरा दिवस आम्ही दोघं तुला बघून सराव करत होतो आणि तू खूश होतीस, बाबा आता आपल्याला महत्त्वाच्या कामाला उभं करतात म्हणून.

तुला वाटायचं ते शिकवत आहेत. ते वाचत होते.

पाच वर्षांत एकदाही चुकलं नाही. लोक लांबून त्यांचा कान शोधत यायचे.

आता तू म्हणशील, मामा, पहिल्या पत्रातच का सांगितलं नाहीस. कारण त्यात लिहिलं होतंस की इंजिन गरम होतं, आणि मी सुटकेचा श्वास सोडला होता. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हा मला सगळं कळलं. तरी तुला भागाकाराची गोष्ट सांगितली आणि धडा लिहायला लावला, की तू गप्प बसशील. तुझ्यापेक्षा जास्त खोटं मी लिहिलं आहे.

फक्त एक कळत नाही. त्या सकाळी तुझ्या तोंडावर त्यांना काहीच का दिसलं नाही?

तुझा,
मामा


शनिवार, १ मार्च

मामा,

दिसलं नाही, कारण मी दिसू दिलं नाही.

सोमवारी संध्याकाळी नर्सताई गाडी ठेवून निघाल्या तेव्हा मी बॉनेट उघडून बघत होते. त्या हसायला लागल्या. "अगं, तू तर अशी बघतेस जणू माझी गाडी शेवटच्या घटका मोजते आहे. असा चेहरा करून आमच्या कामात एक दिवस निभायचा नाही. पेशंट आपल्या तोंडाकडे बघत असतो. जखम कशीही असो, आपण असं." आणि त्यांनी चेहरा करून दाखवला. शांत, थोडंसं हसू, भुवया सैल. मी करून बघितला. त्या म्हणाल्या, "दात दुखल्यासारखा नको. हां, आता जमलं. उद्या सकाळी परीक्षा घेते."

मला त्या आवडायच्या. आपल्या घराबाहेरच्या कोणी मला शिकवलेली ती पहिली गोष्ट होती.

सकाळी त्यांनी चावी फिरवली, खडखड आली, आणि मला आतून कळलं की चेन आहे. पण त्या काचेतून माझ्याकडेच बघत होत्या. मी चेहरा तसाच धरून ठेवला. भुवया सैल, थोडंसं हसू. बाबांनी मान वर केली ती त्यांच्या प्रश्नामुळे, असं मला वाटलं होतं. ते मला बघत होते. त्यांनी एक निरोगी इंजिन बघितलं.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. आता तुला कळलं.

तुझं पत्र वाचल्यावर मी बाबांकडे गेले. ते प्लग साफ करत होते. मी समोर उभी राहिले आणि पूर्ण आवाजात म्हणाले, "बाबा, त्या सकाळी चेन वाजली होती. मी ऐकली."

त्यांनी प्लग खाली ठेवला. "किती?"

"तीन सेकंद."

"मग तू..." एवढंच म्हणाले. प्लगच्या टोकावरून बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "मामाने सांगितलं वाटतं."

मी हो म्हणाले.

"चांगली युक्ती होती," ते म्हणाले.

त्यानंतर ते माझ्याकडे बघत नाहीत. पाठ करून काम करतात. गुरुवारी एक टॅक्सीवाला आला, "उस्ताद, सकाळी जरा कान लावता का?" बाबांनी त्याला दुसऱ्या गॅरेजचा पत्ता दिला. तो बिचारा थट्टा समजला आणि हसत उभा राहिला. बाबांनी पत्ता परत सांगितला.

मला त्यांचा राग येत नाही. तुझा यावा असं वाटतं, तोही येत नाही. मी विचार करते की पाच वर्षांत मी किती गाड्यांसमोर उभी राहिले, आणि त्यातल्या कोणत्या दिवशी मला सर्दी होती, कोणत्या दिवशी मी दुसऱ्याच विचारात होते. यादी करायला बसले होते. एकशे चाळीसपर्यंत आठवल्या.

नर्सताईंचं इंजिन भंगारात गेलं. इन्स्पेक्टरच्या कार्यालयात मी नुसतं विचारून आले. तिथल्या बाई म्हणाल्या, सोमवारीच दाबयंत्राखाली घातलं. गाडीतला कॉम्प्युटर धडकेतच चेपला होता. म्हणजे आता मी काही सांगितलं तर ते फक्त माझं सांगणं. चेन मोजता येणार नाही.

भाची


बुधवार, ५ मार्च

वॉशर,

घाईत लिहितो. दाजींचं पत्र आलं. लग्नानंतर तीस वर्षांत त्यांचं मला आलेलं हे पहिलं पत्र, पाच ओळींचं. त्यातल्या चार तुला उतरवून देतो, पाचवी माझ्यासाठी आहे.

"ती कार्यालयात जाणार. मी अडवणार नाही. तिला एवढं सांग, मला ऐकू येत नाही असं लिहू नकोस. मी ऐकलं आणि लक्ष दिलं नाही, असं लिहू दे."

त्यांना बेफिकीर म्हणवून घेणं चालेल, बहिरा नको. तू हसू नकोस. मी हसलो आणि मग भिंतीकडे तोंड करून बसलो.

माझं ऐकशील तर जाऊच नकोस. इंजिन नाही, पुरावा नाही. दाजींचं जाईल ते जाईल, तुझंही नाव जाईल, उद्या कोण तुझ्या हातात गाडी देईल? आणि त्या बाईची मुलगी परत येणार नाही. जायचंच असेल तर निदान त्या आईला खाजगीत सांग आणि सोडून दे. तिला कळलं म्हणजे झालं. साहेबाला कळायची काय गरज?

मी तुला खरं-खोटं शिकवलं तेव्हा एवढं पुढचं शिकवलं नव्हतं. मलाच येत नव्हतं.

मामा


शनिवार, ८ मार्च

प्रिय मामा,

तू सांगितलंस तसं केलं. काल नर्सताईंच्या आईकडे गेले.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. टेबलावर तिचं स्वतःचं लायसन्स नव्हतं, त्याची पावती होती. तिने ते परत करून टाकलं आहे. म्हणाली, "ज्या हातांनी चुकीचं शिकवलं त्यांनी आता चालवून काय करायचं?" एकोणचाळीस वर्षं तिच्या गाडीला ओरखडा नव्हता.

मी सगळं सांगितलं. थंड इंजिन, तीन सेकंद, बाबांचे कान, माझा चेहरा, कार्डावरची ओळ. गियरचा काही संबंध नव्हता, तुमचं शिकवणं बरोबर होतं, त्यांचा हातही बरोबर होता, हे दोनदा सांगितलं.

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी माझ्या गालावर हात ठेवला.

"गुणाची पोर आहेस," ती म्हणाली. "त्या दिवशी मी तुझ्यासमोर तसं बोलून गेले, तेव्हापासून तुझ्या मनाला लागलं असणार. म्हणून एवढी गोष्ट रचलीस."

"मावशी, रचली नाही."

"बापाला बहिरा करून टाकलंस गं माझ्यासाठी. एवढं कोण करतं? पण माझं मन राखायला खोटं बोलू नकोस. साहेबांनी इंजिन उघडून बघितलंय. शिक्क्याचा कागद आहे माझ्याकडे." आणि तिने कपाटातून तो काढून मला दाखवला. घडीवर फाटायला आला होता. 'चालकाची चूक' या शब्दांखाली तिने पेन्सिलने रेघ मारली होती.

मी शपथ घेतली. ती म्हणाली, "बरं, बरं," आणि चहा केला. मी रडले, तेव्हा तिने माझी समजूत घातली. मामा, ती मला समजावत होती.

निघताना जिन्यावर तिने विचारलं, "पाचव्यातून चौथा सोपा असतो ना गं? मग तिला कसा जमला नाही?"

खाजगीत सांगून हे झालं. तिला शिक्क्याचा कागद खरा वाटतो, म्हणून कागदच बदलायला हवा. बदलेल की नाही, माहीत नाही. कार्यालयातल्या बाईंनी स्पष्टच सांगितलं आहे, की इंजिनाशिवाय जबाब फाइलला फक्त जोडला जातो, निष्कर्ष बहुतेक तोच राहतो. बाबांचा गॅरेजचा परवाना मात्र माझ्या जबाबावर नक्की जाईल, त्याला पुराव्याची गरज नाही, डॉक्टर कान तपासतील. म्हणजे ज्याच्यासाठी जाते ते होणार नाही आणि ज्याची भीती आहे ते होणार. हे मी चारही बाजूंनी तपासून बघितलं. उत्तर बदललं नाही.

बाबांचं म्हणणं मी करू शकत नाही. त्यांनी ऐकलं असं लिहिलं तर ते माझ्या अक्षरातलं दुसरं खोटं होईल. आज सकाळी मी ते त्यांना सांगितलं. ते पाठमोरे होते. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून परत सांगितलं. तेव्हा म्हणाले, "पहिल्यांदाच ऐकलं." आणि फडक्याने हात पुसत आत गेले.

मी जबाब लिहून ठेवला आहे. दीड पान झाला. "थंड सुरुवात: आवाज नाही" ही ओळ माझी आहे आणि ती खोटी आहे, हे पहिलं वाक्य. बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, हे दुसरं. मला येतात, हे तिसरं. तुझं नाव त्यात नाही. युक्ती कोणाची, असं विचारलं तर सांगीन, कारण विचारल्यावर लपवणं वेगळं. तू रागावू नकोस, किंवा रागाव.

सोमवारी इन्स्पेक्टर दौऱ्यावर आहेत. बुधवारी मुदत संपते, आणि शेवटच्या दिवशी रांग लागते असं बाई म्हणाल्या. म्हणून मी मंगळवारी जाते, ११ मार्चला, सकाळी साडेदहाला, कार्यालय उघडतं तेव्हा.

तुझी,
भाची